धकतंय तोवर
(प्रस्तावना)

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना सुलतानपूर लागतं. लोणारचं सरोवर बघायला निघालेले लोक इथे वळतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बहुतेकांना हे गाव फाट्यापुरतंच ठाऊक असतं. या भागात कुणालाही 'कसं काय चाललंय?' विचारलं की एक उत्तर हमखास येतं: 'धकतंय.' कुणी 'धकून राह्यलं' म्हणेल, कुणी 'धकवतो आपलं'. सोयाबीनला भाव नसला तरी धकतंय, पोराची फी थकली असली तरी धकतंय, गुडघे गेलेत पण निंदायला जावं लागतं, तरीही धकतंय.

मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं. इंग्रजीत ज्याला 'रेझिलियन्स' म्हणतात त्यासाठी आमच्या पाठ्यपुस्तकांत 'लवचिकता' हा शब्द होता. तो मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, त्याची व्याख्या सांगितली आणि तिच्यावर पाच मार्कांचा प्रश्नही काढला. संकट कोसळल्यावर पुन्हा उभं राहण्याची, पूर्वस्थितीला येण्याची माणसाची क्षमता, अशी ती व्याख्या. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उसळी मारून मागे येणं असा आहे, आणि मानसशास्त्रात येण्याआधी तो पदार्थविज्ञानात होता. स्प्रिंग दाबली, सोडली, आपल्या आकाराला आली. सुलतानपूरच्या 'धकतंय'ला ही व्याख्या लावायला गेलं की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. पूर्वस्थितीला यायचं म्हणजे नेमकं कुठे यायचं? ज्याची पूर्वस्थिती हेच संकट होतं, त्यानं उसळी मारून कुठे परतावं?

लोणार जवळ आहे म्हणून तेच उदाहरण घेतो. पुस्तकातला मानसिक आघात बहुधा लोणारच्या अशनीसारखा असतो. एकदाच येतो, भला मोठा खड्डा पाडतो आणि आयुष्याची 'त्याआधी' आणि 'त्यानंतर' अशी वाटणी करतो. अपघात, युद्ध, भूकंप, जवळच्याचा मृत्यू. कोरडवाहू शिवारातला आघात असा येत नाही. तो मृगाच्या पेरणीला येतो, दुबार पेरणीला येतो, सोंगणीच्या वेळी अवकाळी होऊन येतो, मार्केट यार्डात काट्यावर येतो आणि मार्च अखेरीला सोसायटीच्या नोटिशीतून येतो. पुढच्या मृगाला पुन्हा पहिल्यापासून. दाब कधी निघालाच नाही तर स्प्रिंगच्या लवचिकतेबद्दल काय बोलणार?

या प्रस्तावनेत मला एवढंच मांडायचं आहे: माणसाच्या चिवटपणाबद्दल आपण जे शास्त्र बोलतो ते कुणाकडे बघून तयार झालं, आणि कुणावर लावलं जातं. मधे सामाजिक विषमता उभी आहे. तिला वगळून चिवटपणा मोजला की माप खोटं निघतं.

*

सुलतानपूरहून पश्चिमेला सिंदखेडराजा ओलांडून देऊळगाव राजा तालुक्यात शिरलं की मेहुणा राजा हे गाव येतं. संत चोखामेळ्याचं हे जन्मगाव मानलं जातं. चोखोबांचं आयुष्य पुढे मंगळवेढ्याला गेलं आणि तिथेच संपलं. वेशीच्या भिंतीच्या कामावर महारांना धरून आणलं होतं. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गाडले गेले. हे १३३८ सालचं. पुढची गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असते. नामदेव अवशेष शोधायला गेले, हाडांच्या ढिगातून चोखोबांची हाडं कशी ओळखायची, तर ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची. ती पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. दाराच्या आत नव्हे. त्या दारातून अस्पृश्यांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं.

ही कथा सुंदर आहे, तिची थोरवी मी नाकारत नाही. पण तिच्यातल्या एका गोष्टीकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. कथा हाडांबद्दल खूप बोलते, भिंतीबद्दल काहीच बोलत नाही. भिंत कच्ची का होती? कामावर नेमक्या कोणत्या वस्तीतली माणसं होती? बाकीच्या मजुरांच्या हाडांचं काय झालं? ज्या हाडांतून नाम आलं नाही ती तिथेच राहिली. मेल्यावरही ज्याची श्रद्धा ढळली नाही त्याला आपण उचलून आणलं, नमस्कार केला.

गरिबाच्या चिवटपणाकडे बघायची आपली दृष्टी साधारण अशीच आहे. हाडं गातात का तेवढं बघायचं.

*

भाषेत हे लगेच सापडतं. एकाच गुणाला मराठीत किती विशेषणं आहेत पाहा, आणि ती कशी वाटली जातात तेही पाहा. धंदा बुडाल्यावर पुन्हा उभा राहिला तो 'जिद्दी'. नोकरी गेल्यावर नवं शिक्षण घेतलं तो 'धडाडीचा'. नवरा गेल्यावर चार एकर आणि तीन लेकरं सांभाळली ती 'खमकी'. तीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबून एक शब्द काढला नाही तो सालदार 'सोशिक' आणि, त्याहून गोड, 'इमानदार'. गुण एकच, पण जात-वर्ग-लिंग बघून वेगवेगळ्या पाकिटांत घातलेला. वरच्याच्या चिवटपणात हालचाल असते, तो कुठेतरी पोचतो. खालच्याच्या चिवटपणाला जागेवर राहून सहन करण्यासाठीच शाबासकी मिळते.

मीही या वाटपात सामील होतो. कित्येक वर्षांपूर्वी याच भागातल्या एका कार्यक्रमात मी एका विधवा शेतकरी बाईंची ओळख करून देताना 'मोठ्या खमक्या' असं म्हणालो. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर त्या जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, 'खमकी नसते झाले तर काय केलं असतं मास्तर, सांगा ना.' मला उत्तर देता आलं नाही. मी ज्याला गुण म्हणत होतो तो त्यांच्यापुढे पर्याय म्हणून कधी आलाच नव्हता.

मराठी वाचकांच्या बाबतीतही हे घडलं आहे. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, मग 'उपरा', 'उचल्या', पुढे ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. पांढरपेशा वाचकांनी ही पुस्तकं मनापासून वाचली, रडत वाचली. पण बऱ्याच पत्रांचा, परीक्षणांचा सूर एकच होता: एवढं सोसूनही केवढी ही जिद्द! सोसायला कुणी लावलं हा प्रश्न त्या उद्गारचिन्हाखाली दबून गेला. मुंबईत तर या प्रकाराला नावच पडलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पुढच्या वर्षी जुलैत लोकलगाड्यांत स्फोट झाले, आणि दोन्ही वेळा माणसं लगेच कामावर परतली म्हणून 'मुंबई स्पिरिट'चे गोडवे गायले गेले. रोजंदारीवरचा माणूस घरी बसला तर त्या दिवशी चूल पेटत नाही, एवढी साधी गोष्ट त्या कौतुकाच्या गावी नव्हती.

*

मानसशास्त्राला मात्र सरसकट दोषी धरता येणार नाही. या शास्त्राचा पाया घालणारं संशोधन बरंच शहाणं होतं. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी काही दशकं माग ठेवला. ऊसमळ्यांवरच्या मजुरांची, गरीब स्थलांतरितांची मुलं त्यांत पुष्कळ होती. ज्यांच्या वाट्याला दारिद्र्य, आजारपण, घरातली भांडणं असं सगळंच आलं होतं, त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं समर्थ, प्रेमळ, कामाची माणसं झाली. जगाला या अभ्यासातून हा एक तृतीयांशच लक्षात राहिला. ही मुलं कशी निभावली याचं उत्तरही वर्नरबाईंनी दिलं होतं. एखादी आजी, एखादी शेजारीण, नाव घेऊन हाक मारणारे एखादे मास्तर, आणि मोठेपणी मिळालेली दुसरी संधी: पुन्हा शाळा, नोकरी, आधार देणारी माणसं. म्हणजे चिवटपणाचा बराचसा भाग मुलाच्या छातीत नव्हता, अंगणात होता. पुढे ॲन मास्टन यांनी २००१ साली हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, की ही काही दुर्मीळ दैवी देणगी नाही, साध्यासुध्या व्यवस्था नीट चालल्या की ती सगळ्यांतच दिसते. मायकेल उंगर यांनी तर चिवटपणा ठरतो तो माणसाला हवी ती साधनं वेळेवर मिळतात की नाही यावर, असाच मुद्दा लावून धरला.

मग घोळ कुठे झाला? माझ्या मते मोजमापात. अंगण मोजायला अवघड, छाती मोजायला सोपी. २००३ साली कॉनर आणि डेव्हिडसन यांची मोजपट्टी आली. पंचवीस विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण शंभर. मोजपट्टी कामाची आहे, मीही वापरली आहे. पण तिच्यात बदलांशी जुळवून घेता येतं का, आयुष्यावर आपला ताबा आहे असं वाटतं का, अशा आशयाची विधानं आहेत. सुलतानपूरच्या शिवारात दीड एकर कोरडवाहू कसणाऱ्याला आयुष्यावर ताबा आहे का म्हणून विचारा. पाऊस त्याच्या हातात नाही, सोयाबीनचा भाव इंदूर-लातूरच्या बाजारात ठरतो, आयातशुल्क दिल्लीत ठरतं, आणि रात्री कोणत्या पाळीत वीज येणार ते महावितरण ठरवतं. तो प्रामाणिक असेल तर 'नाही' म्हणेल, आणि त्या खऱ्या उत्तराबद्दल त्याचे चार गुण जातील. त्याच गावात ज्याची विहीर बारमाही आहे, ज्याचा भाऊ नोकरीत आहे आणि ज्याच्या घरी बँकेचा साहेब चहाला येतो, तो 'हो' म्हणेल. तेही खरंच. मोजपट्टी म्हणेल, दुसऱ्याचं मन जास्त लवचिक. माझ्या मते तिनं विहीर मोजली.

आणखी एक अभ्यास या भागातल्या माणसानं ऐकायला हवा, कारण त्यातला माणूस शेतकरीच होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात शर्मन जेम्स या संशोधकाला एक वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. बटईदाराच्या घरात जन्मलेले, शिक्षण नावापुरतं. कर्ज काढून पंचाहत्तर एकर जमीन घेतली आणि चाळीस वर्षांत फेडायचं ते कर्ज रात्रंदिवस राबून पाच वर्षांत फेडलं. आपल्याकडे असता तर तालुक्याच्या ठिकाणी सत्कार झाला असता. पण पन्नाशीतच त्यांना रक्तदाब, संधिवात आणि पोटातल्या अल्सरनं गाठलं होतं. त्यांचं नाव जॉन हेन्री मार्टिन. यंत्राशी पैज लावून हातोड्यानं डोंगर फोडणारा, पैज जिंकणारा आणि तिथेच मरून पडणारा जॉन हेन्री हा तिथल्या लोककथेचा नायक, म्हणून जेम्स यांनी १९८३ पासून या प्रकाराला 'जॉन हेन्रीझम' म्हटलं. विषम समाजात, हाताशी साधनं नसताना, अतोनात कष्टानं परिस्थितीवर मात करणाऱ्यांचा रक्तदाब वाढलेला आढळतो. साधनं हाताशी असतील तर त्याच कष्टांची एवढी किंमत मोजावी लागत नाही. बाहेरून यश, आतून झीज.

हे वाचल्यापासून मला 'धकतंय' हा शब्द पूर्वीसारखा ऐकू येत नाही. धकवणं फुकट होत नाही. कुणाच्या तरी झोपेतून, दाढेतून, गर्भाशयातून, पोरीच्या शाळेतून ते वसूल होतं. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा २०१३ सालचा अभ्यासही हेच वेगळ्या बाजूनं दाखवतो. तीच माणसं, तोडणीपूर्वी पैशाची ओढाताण असताना आणि तोडणीनंतर हातात पैसा आल्यावर, अशी दोनदा तपासली. ओढाताणीच्या काळात त्यांची विचार करण्याची, लक्ष देण्याची कुवत स्पष्टपणे कमी भरली. माणूस तोच, डोकं तेच. आमच्याकडे म्हणतात तसं 'डोकं काम करून नाही राह्यलं', ते अगदी शब्दशः खरं होतं.

*

आता विदर्भाच्या ताज्या इतिहासाकडे येतो. तिथे या सगळ्याचा सरकारी कागद तयार झाला आहे.

२००६ च्या जुलैच्या पहिल्या तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलडाणा. त्यातला मोठा वाटा सिंचनाचा होता. म्हणजे मन का खचतं याचं एक उत्तर सरकारला तेव्हाही पाण्यात दिसत होतं. त्याच वर्षी आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत देण्याचे निकष पक्के झाले: शेतजमीन मृताच्या वा कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं आणि परतफेडीचा तगादा हवा. प्रत्येक मृत्यूवर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत निर्णय होतो आणि त्याचे दोन शब्द ठरलेले आहेत: पात्र आणि अपात्र.

मरणाला अपात्र ठरवणारी भाषा जगात आणखी कुठे असेल तर मला माहीत नाही. या दोन शब्दांत मानसशास्त्राचा एक अख्खा सिद्धांत दडलेला आहे. 'पात्र' म्हणजे परिस्थितीनं मारलेला. 'अपात्र' म्हणजे स्वतःच्या कमकुवत मनामुळे, दारूमुळे, घरगुती भांडणामुळे गेलेला. कोण कोणत्या रकान्यात जाणार हे बऱ्याचदा सातबारा ठरवतो. ठोक्यानं किंवा बटईनं शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्याचं कर्ज बिनपरवाना सावकाराचं किंवा कृषी केंद्रवाल्याच्या उधारीचं असतं. शेतमजुराचं तर काहीच नसतं. बायकांच्या नावे जमीन क्वचित. म्हणजे ज्यांच्या पायाखालची जमीन सर्वांत पातळ, त्यांचंच मन कागदोपत्री सर्वांत दुबळं ठरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त आहेत. तरी आपल्या बोलण्यात, बातम्यांत, कवितेत फक्त शेतकरी आत्महत्या करतो. मजुराच्या मरणाला अजून आपल्या मनात रकाना नाही.

मागे राहिलेल्या बायकांचं काय? महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली मराठवाडा-विदर्भातल्या अशा ५०५ बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीवर अजून हक्क मिळालेला नव्हता. याच बायकांना आपण व्यासपीठावर बोलावून 'खमकी' म्हणतो. सासरा सातबाऱ्यावर नाव चढवत नाही, दीर बांध कोरतो, तलाठी 'पुढल्या आठवड्यात या' म्हणतो, आणि समुपदेशनाच्या शिबिरात सांगतात, ताई, सकारात्मक राहा.

इथे मला स्वतःलाच थोडं आवरलं पाहिजे. विषमतेचा मुद्दा सापडला की मनाच्या उपचाराची टिंगल करायची एक सवय आपल्या पुरोगामी मंडळींना आहे, आणि ती क्रूर आहे. नैराश्य हा खरा आजार आहे, त्यावर औषध आहे, बोलणं हाही उपचार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांशी बोलायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवायचं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. हे लहान काम नव्हे. राज्य शासनानं २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, १०४ क्रमांकाची हेल्पलाइन दिली, आशाताईंना घरोघर पाठवलं. शेजारी माणूस खचलेला दिसला तर आधी त्याच्याजवळ बसा, बोलतं करा, दवाखान्यात न्या. विषमतेवरचा निबंध त्यानंतर वाचला तरी चालेल.

पण त्या आशाताईकडेही बघा. 'झोप लागते का, जीव घाबरा होतो का' हे विचारत ती उन्हातून हिंडते, आणि तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. त्याच्या वाढीसाठी तिला महिना-महिना संपावर जावं लागतं. तिच्या हातातल्या कागदावर मागच्या दोन आठवड्यांतल्या मनःस्थितीचे प्रश्न आहेत. मागच्या दोन हंगामांतल्या भावाचा प्रश्न नाही. तो असता तरी ती काय करणार होती, हेही खरंच.

बुलडाणा जिल्ह्यात मार्च २०२५ मध्ये, होळीच्या दिवशी, एका शेतकऱ्यानं जीवन संपवलं. राज्य शासनाचा तरुण शेतकरी म्हणून पुरस्कार मिळालेला माणूस. चिवटपणाचं प्रमाणपत्र कुणाकडे असेल तर त्याच्याकडे होतं. परिसरातल्या गावांना खडकपूर्णा धरणाचं पाणी मिळावं यासाठी तो झगडत होता, त्यासाठी उपोषणालाही बसला होता. एखाद्या मृत्यूचं एकच कारण असतं असं मी मानत नाही, आणि त्या घराच्या दुःखात दुरून शिरण्याचा मला अधिकार नाही. तरी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्याची मागणी पाण्याची होती.

*

शेवटी एका शब्दाकडे पुन्हा यावं लागेल: जुळवून घेणं. चिवटपणाच्या बहुतेक व्याख्यांत हा शब्द कुठे ना कुठे असतोच. परिस्थितीशी यशस्वीपणे जुळवून घेतलं की माणूस चिवट. मग २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांचं काय करायचं? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानं ओंजळीत ओतलेल्या पाण्यावर त्यांनी जुळवूनच घेतलं होतं. त्या दिवशी त्यांनी जुळवून घेणं थांबवलं आणि डोकी फुटेपर्यंत मार खाल्ला. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेसाठी जे लाखो लोक जमले त्यांनी तर जुळवून घ्यायची चौकटच टाकून दिली. पंचवीस विधानांच्या मोजपट्टीवर त्या दिवशी त्यांना किती गुण पडले असते कोण जाणे. पण वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत त्यानंतर शिक्षणाची जी ओढ लागली, घराघरांत जो ताठपणा आला, त्याला चिवटपणा म्हणायचं नसेल तर तो शब्द ठेवायचा कशाला? इथे तो एकेकट्या छातीत सापडत नाही. वस्तीनं मिळून कमावलेला आहे, आणि 'धकणार नाही' म्हटल्यावर आलेला आहे. पाठ्यपुस्तकातला सर्वांत मोठा अभाव मला हाच वाटतो: नकाराला तिथे जागा नाही.

डॉ. आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्यांनी भक्तीच्या वाटेनं जाणं स्वतः नाकारलं, त्यांनीच भक्तीत गाडल्या गेलेल्या माणसाला ग्रंथ वाहिला, आणि तो ग्रंथ अस्पृश्यता कशी जन्मली याच्या शोधाचा होता. हाडांना नमस्कार करून ते भिंतीच्या चौकशीला लागले, असं मी त्या अर्पणपत्रिकेकडे बघतो.

पुढची पानं वाचकांनी त्याच चौकशीसाठी वाचावीत. त्यांत धीर देणारं पुष्कळ सापडेल, पण धीर देण्यापुरतंच ते वाचू नका. आणि कधी लोणारला जाताना सुलतानपूरच्या फाट्यावर चहाला थांबलात, कुणाशी बोलणं निघालं आणि तो 'धकतंय' म्हणाला, तर मान डोलावून उठू नका. 'कशावर?' एवढंच विचारा, आणि उत्तर लांबलं तर लोणारची गाडी सोडून द्या.